युनिटी बंद करा, एक फासा घ्या

प्रश्न थोडक्यात असा: सहा महिने युनिटी (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) शिकून मुंबईच्या लोकल ट्रेनवरचा गेम बनवला, चालतो नीट, पण दोनदा खेळलेला माणूस तिसऱ्यांदा उघडत नाही. आता कुठला कोर्स करावा?

कोर्स नको. तुमचं कोडिंग ठीक आहे, नियम कच्चे आहेत, आणि नियम वहीवर लवकर सुधारतात.

उदाहरण म्हणून संध्याकाळच्या सीएसएमटी-ठाणे लोकलवर फाशाचा एक खेळ रचू. पाळी आली की फासा हवा तितक्यांदा टाकायचा. 2 ते 6 पडले तर तेवढे गुण हातात, 1 पडला तर त्या पाळीचे सगळे गेले. थांबलात की हातातले गुण वहीत. आधी 100 करेल तो ठाण्याला पोचला.

आता हिशेब करा. आणखी एकदा टाकल्यास सरासरी 20/6 गुण (2 ते 6 ची बेरीज भागिले 6) मिळतात आणि हातातल्या गुणांचा सरासरी सहावा हिस्सा जातो. म्हणजे हातात 20 झाले की दोन्ही सारखे, तिथे थांबावं. खेळणाऱ्याला हे उमगलं की विचार करायला काही उरत नाही. तुमच्या गेमचंही बहुधा हेच झालंय.

म्हणून दादरची गर्दी आत घ्या: वहीत 50 झाल्यावर 1 किंवा 2 पडला तरी पाळी बुडाली. आता मिळकत 18/6, नुकसान हातातल्याच्या एक तृतीयांश, म्हणजे थांबण्याचा आकडा 20 वरून थेट 9 वर. एका ओळीच्या नियमाने खेळणाऱ्याची चाल बदलली. डिझाइन म्हणतात ते हेच.

पण इथे नवा घोळ होतो. 20 ला थांबणाऱ्याला एका पाळीत सरासरी आठेक गुण मिळतात, दादरनंतर 9 ला थांबणाऱ्याला जेमतेम चार. पहिल्या 50 ला सहा-सात पाळ्या, पुढच्या 50 ला बारा. ऐन रंगायच्या वेळी खेळ रेंगाळतो. ठाणं 75 वर आणा, दोन्ही टप्पे साधारण सारखे होतात.

मग घरच्यांना सोडून पाच जणांना खेळायला द्या. नियम तोंडी सांगू नका, एका कागदावर लिहून द्या. गेम डाउनलोड करणाऱ्याच्या शेजारी तुम्ही बसलेले नसणार. गप्प बसून टिपत जा: फासा टाकण्याआधी हात कुठे थबकला, मोबाइल कधी हातात घेतला. ‘आवडला का?’ विचारलंत तर सगळे हो म्हणतील. ‘त्या पाळीला का थांबलात?’ असं विचारा. आणि दोन डावांच्या मध्ये एकच नियम बदला, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही.