रिपोर्ट क्लिअर, पण तोंड दोनच बोटं उघडतं

“मावशी, आम्ही सातपूरला राहतो. यांना गालाचा कॅन्सर झाला होता. मुंबईला ऑपरेशन झालं, मग रेडिएशनच्या तीस लाईट घेतल्या. दोन महिने दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत काढले. त्याला आता चौदा महिने झाले. रिपोर्ट क्लिअर आहे. सगळे म्हणतात, बरा झाला, सुटलीस. पण हे घराबाहेर पडत नाहीत. तोंड दोनच बोटं उघडतं, बोललेलं लोकांना कळत नाही. आमच्यात जेवायला बसत नाहीत, भिंतीकडे तोंड करून जेवतात. ठेकेदाराने परत कामावर घेतलं नाही. माझ्या फॉल-पिकोवर घर भागत नाही. दिराने दिलेले दीड लाख ते आता मागतायत. म्हणतात, बरा झाला ना, कामाला लाव त्याला. मागच्या दोन तपासण्यांना हे गेलेच नाहीत. आणि परवा शर्ट धुवायला घेतला तर खिशात तंबाखूची पुडी. मी ताट फेकून मारलं, मावशी. मरणाच्या दारातून आलेल्या माणसावर ताट फेकणारी मी कसली बायको?”
– एक वाचक, सातपूर, नाशिक

अगं, मावशी म्हणालीस म्हणून अगं-तुगं करते.

आधी ताटाचं बोलू. कुणाला लागलं नाही ना? मग ते उचल, घासून मांडणीवर ठेव आणि विषय सोड. दोन महिने धर्मशाळेत राहिलीस, रोज लाईटच्या रांगेत उभी राहिलीस, तेव्हा रागवायला तुला सवड नव्हती. तो राग आता निघाला. तू वाईट बाई नाहीस, दमलेली बाई आहेस. फक्त पुढच्या वेळी ताटाऐवजी मला पत्र लिही.

“बरा झाला” म्हटलं की लोक मोकळे होतात. आजार चालू असतो तोवर डबे येतात, हातउसने मिळतात, गल्लीतली माणसं विचारपूस करतात. शेवटची लाईट झाली की सगळं थांबतं. आपल्यासारख्या गरीब देशात तर हे फारच होतं. ऑपरेशनचे, लाईटचे पैसे महात्मा फुले योजनेतून निघतात आणि ते फार मोठं काम आहे. पण बुडालेला रोज, मुंबईच्या चकरा, किडलेले दात, न उघडणारा जबडा, यांचं बिल कोण भरणार? उपचार संपले, पण आजारपण अजून घरात आहे. हे दिरालाही सांगायचं आहे, त्याकडे येतेच.

भिंतीकडे तोंड करून जेवतात, हे वाचून मी थांबले. माझ्या थोरल्या भावाला घशाचा झाला होता. तो सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात एकटा जेवायचा. आम्हाला वाटायचं, हा आमच्यावर रुसलाय. पुढे कधीतरी वहिनीला म्हणाला, नातवासमोर तोंडातून गळतं, लाज वाटते. गालाच्या ऑपरेशननंतर बऱ्याच जणांची तिथली जाणीव कमी होते. घास कडेने ओघळला तर त्यांना आपलं आपल्याला कळत नाही, समोरच्याच्या नजरेतून कळतं. म्हणून समोर कुणी नको असतं.

यावर आपल्याकडे जुना उपाय आहे, पंगत. सगळे एका ओळीत, भिंतीला पाठ लावून बसा. पंगतीत कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. यांच्या मांडीवर एक पंचा, शेजारी पाण्याचा तांब्या. लाईटनंतर लाळ आटते, कोरडा घास उतरत नाही, घोट घोट पाणी लागतं. आणि त्यांचं वेगळं, आजाऱ्याचं ताट करू नकोस. एका वेळेला सगळ्यांनाच मुगाची मऊ खिचडी किंवा आमटीत कुस्करलेली भाकरी. तिखट त्यांना झोंबेल, तर्री वरून ज्याची त्याने घ्यावी. (रविवारची मिसळ सुटली याचं दुःख नाशिककराला काय असतं ते मला कळतं. ते त्यांना बोलू दे, हसण्यावारी नेऊ नकोस.) शेजारपाजारी कुणी भांडी वेगळी ठेवायला सांगत असेल तर स्पष्ट सांग, कॅन्सर उष्ट्याने लागत नाही.

दोन बोटांचं असं आहे. धडधाकट माणसाच्या तोंडात साधारण तीन बोटं उभी मावतात. ऑपरेशन आणि लाईटनंतर जबड्याचे स्नायू आखडतात, व्यायाम सोडला की आणखी आखडतात. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि हळूहळू एकेक वाढवायची, हा व्यायाम इस्पितळातही शिकवतात. किती काड्या, किती वेळ, दिवसातून किती वेळा, ते फिजिओथेरपिस्टला विचार, मनाने जोर लावू नका. तोंड एकाएकी आधीपेक्षा कमी उघडायला लागलं, मानेत गाठ लागली किंवा तोंडात दोन-तीन आठवडे न भरणारी जखम दिसली, तर मात्र तारखेची वाट बघायची नाही.

दाताचंही लक्षात ठेव. लाळ कमी झाली की दात भराभर किडतात. पण जबड्याला लाईट दिलेल्या माणसाचा दात कोपऱ्यावरच्या दवाखान्यात परस्पर काढून घ्यायचा नाही. ते हाड नीट भरून येत नाही, सडू शकतं. आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारायचं आणि दातवाल्यालाही लाईटचं सांगायचं.

आता पुडी. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि तंबाखू-चुन्याची पुडी कुठल्याही टपरीवर मिळते, हे तुला मी काय सांगावं. तुला वाटतं, एवढं भोगून अक्कल कशी येत नाही? अकलेचा संबंध नाही गं. तंबाखूतलं निकोटीन मेंदूला सवय लावतं. शिवाय काम नाही, मित्र नाहीत, खायची चव नाही, अशा माणसाला जुनी सोबतीण तेवढी पुडीच उरते. म्हणून हे चालवून घ्यायचं का? मुळीच नाही. तंबाखू चालू राहिली तर तोंडात दुसरा कॅन्सर उठायचा धोका वाढतो. पण ओरडण्याने ती खिशातून जाईल आणि विटेमागे लपेल. १८००-११-२३५६ हा सरकारचा तंबाखू सोडवायचा फोन आहे, पैसे पडत नाहीत. बोलायची त्यांना लाज वाटेल, तर आधी तू लाव. निकोटीनचं च्युइंगम सर्रास सुचवतात, पण दोन बोटं तोंड उघडणारा माणूस ते चघळणार कसं? दुसरं काही चालेल का, ते डॉक्टरांना विचार.

तपासणी ते खर्चामुळे टाळत नाहीत, असं मला वाटतं. भीतीमुळे टाळतात. खिशात पुडी असलेला माणूस त्या डॉक्टरांसमोर तोंड कसं उघडेल? ती पुडी आणि त्या दोन चुकलेल्या तारखा एकच गोष्ट आहे. पण हा आजार उलटायचा असला तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांतच उलटतो, आणि तुम्ही त्याच दोन वर्षांत आहात. म्हणून त्यांना सांग, “डॉक्टरांना पुडीचं मी सांगते, तुम्ही फक्त चला.” डॉक्टरांना हे नवीन नसतं. तिथे गेल्यावर विचार की मधल्या काही तपासण्या नाशकात केल्या तर चालतील का. मानेला लाईट दिली असेल तर थायरॉईडची रक्ततपासणी अधूनमधून लागते, तेवढ्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही.

पैशाचं. सातपूरला ठेकेदाराकडे होते म्हणतेस, तर जुन्या पगारपत्रकांवर ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, कपात दिसते का बघ. सलग दोन वर्षं विमा असेल तर कॅन्सरसारख्या आजारात दोन वर्षांपर्यंत पगाराच्या ८० टक्के इतका लाभ मिळायची तरतूद आहे. दाव्याला मुदत असते, म्हणून याच आठवड्यात सातपूरच्या ईएसआय कार्यालयात जा. तिथे काही निघालं नाही तर तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज. त्यात कॅन्सरचे रुग्ण बसतात, २०२३ मध्ये रक्कम महिन्याला १५०० रुपये झाली, पण उत्पन्नाची अट फार कडक आहे. बोलण्यावर कायमचा परिणाम झाला असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचेचं दिव्यांगत्व धरलं आहे. सिव्हिलमध्ये तपासून घे.

काम हवंच, पण जुनं अंगमेहनतीचं नव्हे. मानेचं ऑपरेशन झालं असेल तर खांदा पूर्वीसारखा उचलत नाही. सुरुवात म्हणून दुकानातून साड्या आणणं आणि पोचवणं त्यांच्याकडे दे. फार बोलावं लागत नाही आणि पाय घराबाहेर पडतात.

राहिले दीर. दीड लाख बुडवायचे नाहीत. कागदावर लिहून दे, अमुक महिन्यापासून अमुक हप्ता, झेपेल तेवढाच. पण पैशाऐवजी त्यांच्याकडे आता वेगळं माग. म्हण, “भाऊजी, पुढच्या तारखेला तुम्ही यांच्यासोबत मुंबईला चला. मी नेलं तर हे माझ्यावर चिडतात, तुमचं ऐकतात.” “कामाला लाव” म्हणणाऱ्या माणसाने एकदा त्या ओपीडीत दिवस काढला, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं, की त्यांची भाषा बदलेल. नाही बदलली, तरी तुझा एक दिवस मशीनवर जाईल.

इस्पितळाचा ठरावीक नमुन्यातला दाखला दाखवला की रेल्वेत तपासणीच्या प्रवासालाही कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला भाड्यात सवलत मिळते. सकाळची पंचवटी धरली की दादरला उतरता येतं. तिकिटं काढलीस की कळव. भाऊजी निघाले की नाही, तेही.