कुरोसावा रशियात का गेला?

प्रश्न : सर, आमच्या कॉलेजच्या फिल्म क्लबमध्ये ‘देर्सू उझाला’ दाखवायचं चाललंय. ‘सेव्हन सामुराय’ करणारा जपानी दिग्दर्शक कुरोसावा सोव्हिएत सरकारच्या पैशांवर चित्रपट करायला का गेला? घरी, म्हणजे जपानमध्ये, कुणी विचारेना, म्हणून मिळेल ते पत्करलं, असं आमच्यातले काही जण म्हणतात. – एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : घरी कुणी विचारेना, हे खरं आहे. ‘मिळेल ते पत्करलं’ हे मला साफ नामंजूर!

१९४३ ते १९६५ या काळात या माणसाने २३ चित्रपट केले. त्यानंतर पाच वर्षं एकही नाही. हॉलिवूडच्या ‘तोरा! तोरा! तोरा!’वरून त्याला काढलं गेलं. १९७० साली तिघा दिग्दर्शक मित्रांबरोबर संस्था काढून ‘दोदेसुकादेन’ केला, तोही पडला. डिसेंबर १९७१मध्ये त्याने स्वतःचा जीव घ्यायचा प्रयत्न केला. वाचला, पण जपानी स्टुडिओ त्याच्यावर पैसे लावायला तयार नव्हते.

अशा वेळी मॉस्कोच्या मोसफिल्म या सरकारी स्टुडिओने हात पुढे केला. आता नीट बघ. ‘देर्सू उझाला’ ज्यावरून केला ते आर्सेन्येव्ह या रशियन भूमापकाचं पुस्तक कुरोसावाच्या डोक्यात सहायक दिग्दर्शक होता तेव्हापासून होतं. त्यातला कॅप्टन म्हणजे आर्सेन्येव्ह स्वतः, आणि देर्सू हा त्याला रानात वाट दाखवणारा शिकारी. दोस्तोयेव्हस्कीच्या ‘इडियट’वर आणि गॉर्कीच्या नाटकावर त्याने जपानमध्येच चित्रपट केले होते. रशियन साहित्य त्याच्या घरचंच. म्हणजे सरकारने हातात ठेवलेला विषय नव्हता हा, त्याचाच जुना विषय होता. पटकथा त्याने युरी नागिबिनबरोबर लिहिली आणि मोजके जपानी सहकारी घेऊन रशियाच्या अतिपूर्वेकडच्या, उसुरी नदीकाठच्या जंगलात उतरला. ‘सेव्हन सामुराय’चा छायाचित्रकार नाकाई त्यांच्यात होता. चित्रपट ७० एमएमवर, वयाची साठी उलटलेली, आणि थंडी तिथली!

राजकारण नव्हतंच, असं मात्र मुलांना सांगू नकोस. १९६९ साली त्याच उसुरी नदीवर रशिया आणि चीनचं सैन्य भिडलं होतं. चित्रपटातले दरोडेखोर चिनी आहेत, चीनने त्यावर टीकाही केली. यावर क्लबात जरूर बोला.

पण खानका सरोवरावरचा प्रसंग बघताना सगळे गप्प बसतील, बघच. दिवस मावळतोय, वारा सुटलाय, वाट हरवलीय. देर्सू कॅप्टनला एकच सांगतो, गवत काप. दोघं कापत सुटतात. कॅप्टन कोसळतो. भूमापनाच्या यंत्राची तिकाटणी उभी करून, तिच्यावर गवत रचून देर्सू त्याला आत ओढून घेतो. संवाद जवळजवळ नाहीतच.

मला स्वतःला त्याआधीचा झोपडीचा प्रसंग जास्त जवळचा. आमच्या फिल्म सोसायटीत तेव्हा प्रोजेक्टर माझ्याकडे असायचा, तरी तिथे माझं लक्ष रिळावरून उडायचं. देर्सू रानातली एक मोडकी झोपडी नीट करतो आणि कॅप्टनकडे तांदूळ, मीठ, काड्यापेटी मागतो. परत येणार आहेस का इकडे? नाही. दुसरा कुणीतरी येईल, त्याला मिळेल. जगणं नकोसं झालेल्या माणसाने चारच वर्षांत हा प्रसंग पडद्यावर आणला, हे आठवलं की माझा गळा दाटतो.

१९७५ला मॉस्को महोत्सवात सुवर्ण पारितोषिक, पुढच्या वर्षी परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर, तेही सोव्हिएत युनियनच्या नावावर. पैसा तरीही लगेच मिळाला नाही. पुढच्या ‘कागेमुशा’ला १९८० उजाडलं, त्यालाही कोपोला आणि लुकास हे अमेरिकन दिग्दर्शक पाठीशी उभे राहावे लागले.

एक व्यवहाराचं. लांबी सुमारे दोन तास वीस मिनिटं. चित्रपटाचे दोनच भाग आहेत, १९०२ आणि १९०७. मध्यंतर त्या सांध्यावरच घ्या, मध्ये कुठेही तोडू नका. आणि पहिली पाच मिनिटं कुणाला उशिरा आत सोडू नका. चित्रपट उघडतो तो मात्र १९१० साली : कॅप्टन मित्राची, देर्सूची, कबर शोधत येतो, तिथली झाडं तोडलेली असतात, घरं बांधायचं काम चाललेलं असतं. ते चुकलं तर शेवट हाती लागणार नाही.