घरी बसून नामस्मरण केलं तर चालेल ना?

प्रश्न असा आहे: "तिशी ओलांडली. पुण्याची नोकरी गेली, पाचोऱ्याला आईजवळ परत आले. लग्न ठरत नाही, मैत्रिणी पांगल्या. देवावरचा विश्वास उडत चाललाय. घरी बसून नामस्मरण केलं तर चालेल ना? सप्ताह म्हाताऱ्यांसाठी असतो."

ताई, त्या शेवटच्या वाक्यामुळेच लिहायला बसलो. गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात वीणेच्या पहाऱ्यांची, म्हणजे वीणा गळ्यात घेऊन नाम घेत उभं राहायच्या पाळ्यांची, यादी मी लावतो. दोन तासांचा एक पहारा, दिवसाचे बारा, सात दिवसांचे 84. सकाळचे पहारे मागायला रांग लागते. रात्री बारा ते चार कुणाला नको असतात. तुम्ही नेमके तेच मागा.

घरातलं नाम सुटलं तर कुणाला कळतही नाही. इथे दोनच्या ठोक्याला आधीचा माणूस आखडलेल्या पायांनी तुमची वाट बघत असतो, कारण वीणा खाली ठेवता येत नाही. तुम्हाला आज देव आहे असं वाटतंय का, हे तो विचारत नाही.

पहाऱ्याआधी वरणबट्टी पोटभर खाऊ नका. तूप ओतलेल्या बट्ट्या रिचवून आलेला माणूस तासाभरात पेंगतो. दहा मिनिटं आधी पोचा, पाय धुवा. आधी एकमेकांच्या पाया पडायचं, मग त्याच्या गळ्यातली वीणा आपल्या गळ्यात घ्यायची, आणि आपला 'रामकृष्णहरी' सुरू झाल्यावरच त्याने थांबायचं. गुडघे ताठ ठेवून उभं राहू नका, भोवळ येते. भार एका पायावरून दुसऱ्यावर देत राहा. पहाटेच्या गारव्यात तारांचा सूर हलतो. खुंटी स्वतः पिळू नका, तार तुटली तर अंधारात दुसरी कुठून आणणार? तशीच वाजवा, उजाडल्यावर जाणता माणूस लावेल. आवाज पहिल्या अर्ध्या तासात संपवू नका.

सप्ताह नसेल तेव्हा घरी हरिपाठ, 28 अभंग, अर्धा तास, दिवेलागणीलाच. 'वेळ मिळेल तेव्हा' म्हणाल तर आठवड्यात सुटेल. ज्ञानेश्वरीच्या ओव्या साधारण नऊ हजार, रोज पंचवीस वाचल्या तर वर्षात होते. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी पन्नास वाचायच्या नाहीत, पंचवीसच. नवस मात्र बोलू नका. नोकरी मिळाली की फेडून मोकळं, नाही मिळाली की देव खोटा. हा व्यवहार झाला.

आता तुम्हाला सांगतील, बाईमाणसाला रात्रीचा पहारा देत नाहीत. आमच्याकडे हा वाद जुना आहे आणि समोरच्यांचं मला आजही पटत नाही. आळंदीला ज्ञानेश्वरांनी 1296 मध्ये समाधी घेतली, मागोमाग सासवडला सोपानदेव गेले. दोन भाऊ गमावून मुक्ताबाई तापीकाठी आली, तेव्हा ती विशीचीही नव्हती. तिला चांगदेवांसारख्या योग्याने गुरू मानलं. त्याच मुक्ताबाईच्या पालखीपुढे हे लोक मुक्ताईनगरला लोटांगण घालतात आणि गावात येऊन पोरीच्या गळ्यात वीणा नको म्हणतात! राहिली काळजी रात्रीची, तर आई मंडपात बसेल, येताना-जाताना दोघी सोबत असाल. झालं. घरातलं कुणी "देव देव करीसन काय भेटस?" असं म्हणालं तर वाद घालू नका, पहाऱ्याला या.

एक राहिलं, खरं तर आधी सांगायला हवं होतं. झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे गेली असेल, जगू नये असं वाटत असेल, तर रात्रीचा पहारा अजिबात घेऊ नका, जागरणाने ते वाढतं. आधी डॉक्टर. टेली मानसचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. सकाळचा पहारा नंतर मागा, तुमच्यासाठी एक मी रांगेतून काढून देईन.