दुपारी झळा, संध्याकाळी वावधान: पाहुण्यांनी भरलेल्या घराचे प्रश्न

प्रश्न (परभणी): मे महिन्यात दोन नणंदा, नंदई आणि भाचरं मिळून सात जण आठ दिवसांसाठी येतात, घरचे आम्ही चार. हॉलमध्ये मोठा कूलर आहे. दुपारी छान गार वाटतं, पण आभाळ आलं की सगळे घामाने चिकचिकतात, रात्री कुणालाच झोप नाही. दुसरा कूलर घ्यावा का?

उत्तर: घेऊ नका ताई, दोन कूलरने दुप्पट चिकचिक होईल. कूलरच्या गवताच्या ताटीतलं पाणी उडून जाताना हवेतली उष्णता शोषून घेतं, गारवा एवढाच. ४२ अंशांच्या कोरड्या दुपारी ते झपाट्याने उडतं. वळवाचं आभाळ भरलं की हवेत आधीच ओल असते. मग पाणी उडत नाही आणि पंखा तीच ओल घरात फेकत राहतो. त्या संध्याकाळी माठातलं पाणीही कोमट लागतं, त्याचं कारणही हेच. म्हणून आभाळ आलं की पंप बंद करा, नुसता पंखा चालू ठेवा आणि खिडक्या उघडा.

दुपारीही एक चूक घरोघरी होते: गारवा बाहेर जाईल म्हणून दारं-खिडक्या लावून घेतात. कूलरच्या समोरच्या भिंतीची खिडकी वीतभर उघडी हवीच, नाहीतर आत आलेली ओलसर हवा जाणार कुठे? कूलरची पाठ मात्र बाहेरच्या हवेला लागलेली हवी; खोलीच्या मधोमध ठेवलेला कूलर तासाभरात निकामी ठरतो. बोअरच्या पाण्याचे क्षार ताटीवर पांढरे साचतात आणि हवा अडते, तेव्हा टाकी दर तीन-चार दिवसांनी पूर्ण रिकामी करून घासा. डासांचाही बंदोबस्त होतो.

घरात लहान मुलं आहेत म्हणून हे आवर्जून सांगतो: पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा. पिन तीनचीच हवी आणि अर्थिंग खरोखर जोडलेलं हवं. बोर्डात ३० मिलिअँपिअरची ईएलसीबी (वीज गळू लागली की क्षणात पुरवठा तोडणारं बटण) नसेल तर दुसऱ्या कूलरच्या पैशांतून ती आधी बसवून घ्या. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून कूलरच्या पत्र्याला हात लावणारं पोर सांगून ऐकत नाही.

आणि झोपायला अकरा जण एका हॉलमध्ये नकोत. स्वस्थ बसलेलं माणूससुद्धा साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतं. हिशेब तुम्हीच करा. दोन खोल्यांत विभागून झोपा.

प्रश्न (धाराशिव जिल्हा): पाहुण्यांना गच्चीवरच झोपायचं असतं. रात्री वारं सुटलं, विजा चमकल्या की अंथरुणं गोळा करताना तारांबळ उडते. मागच्या खोलीवर पत्रे आहेत, त्यांवर दगड ठेवलेत. ते पुरेत का?

उत्तर: पावसाचा थेंब पडेपर्यंत थांबायचं नाही, वीज पावसाच्या आधीही पडते. वीज दिसल्यावर आकडे मोजा. आवाज यायला तीन सेकंद लागले तर वीज साधारण एक किलोमीटरवर, तीस लागले तर दहा किलोमीटरवर. तिसाच्या आत गडगडलं की सगळे खाली, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जायचं नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप घरातल्या एकाच्या फोनवर तरी असू द्या. तारांबळ टाळायची तर वर जाण्याआधीच खालच्या खोलीत सतरंज्या अंथरून ठेवा. वर प्रत्येकी एक वाकळ, एक उशी, बस. ज्याची त्याने उचलायची. बाजा नकोत.

दगडांचं म्हणाल तर ते काढाच. वारा पत्र्याखाली शिरून तो वर उचलतो, दगडासकट; मग तोच दगड कुणाच्या तरी डोक्यात. पत्रा जे-हुक आणि रबरी वायसर घालून खालच्या आडव्या पाइपांना किंवा वाशांना आवळलेला हवा. वळचणीकडे हुक जास्त जवळ घ्या, वाऱ्याची ओढ कडेला सगळ्यांत जास्त असते. वादळात त्या खोलीत कुणालाही झोपवू नका. पाहुण्यांची गाडीही लिंबाखाली लावायची नाही, सावली कितीही चांगली असली तरी.

प्रश्न (जालना): नळाला आठवड्याने पाणी येतं. पाहुणे नऊ, आम्ही तीन. शिवाय लाईट गेली की इन्व्हर्टर दीड तासात बसतो.

उत्तर: जलजीवन मिशनने गावांसाठी माणशी रोज ५५ लिटर धरलेत. बारा माणसांना तेवढंच धरलं तरी दिवसाला ६६० लिटर, आठवड्याला साडेचार हजारांच्या वर. घरची टाकी हजार लिटरची असेल तर तिच्यावर ते निघणार नाही. पाहुणे यायच्या आदल्या दिवशीच टँकर सांगा, ऐन वेळी मिळत नाही. पिण्याचं पाणी वेगळं आणि झाकलेलं, माणशी चार-पाच लिटर.

इन्व्हर्टरवर बहुतेक कूलर जोडलेला असणार. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाची चांगली बॅटरी तीन पंखे आणि चार एलईडी दिवे साधारण चार तास ओढते; २०० वॅटचा कूलर जोडला की वेळ जवळपास निम्मा होतो. कूलर काढूनही दीड तासच टिकला तर डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा, नाहीतर बॅटरी म्हातारी झाली. लाईट आल्यावर फ्रिज दहा मिनिटांनी लावा. वादळात तार तुटून पडली असेल तर दूर राहा आणि १९१२ वर कळवा.

प्रश्न (हिंगोली): रोज आमरस होतो आणि उरतोही. सोबत सासऱ्यांना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे.

उत्तर: केशर आंबे तासभर पाण्यात ठेवा, रस मात्र पानं घेताना काढा; काढून तासभर बाहेर राहिला तर टाकून द्या. लाईट गेली की फ्रिज उघडू नका, बंद फ्रिज चारेक तास गार राहतो.

वापरात असलेलं इन्सुलिन ३० अंशांखाली हवं. फ्रीझरमध्ये नको, गोठलेलं निकामी होतं. लाईट लांबली तर कोरड्या डबीत घालून रिकाम्या ओल्या माठात ठेवतात. दुपारी ते चालतं, आभाळ आलेल्या संध्याकाळी माठ गारच होत नाही. तेव्हा थर्मासमध्ये थंड पाणी आणि त्यात घट्ट झाकणाची डबी. सासरे बीपीची गोळीही घेत असतील आणि ती लघवी वाढवणारी असेल तर उन्हाळ्यापुरतं डॉक्टरांना विचारून घ्या. स्वतः बंद करू नका. अंग तापलंय आणि ते असंबद्ध बोलू लागले तर पाण्याचा पेला तोंडाला लावायचा नाही: सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि त्याच वेळी कुणीतरी १०८ लावा.