बडतर्फ आणि निलंबित एकच का?

प्रश्न असा आहे की लाच घेताना पकडलेल्या तलाठ्याची बातमी सकाळी 'बडतर्फ' म्हणून आली नि संध्याकाळी 'निलंबित' म्हणून, तर दोन्हीचा अर्थ एकच का? अजिबात नाही, आणि ही गल्लत रोज ऐकून डोकं उठतं. निलंबन ही शिक्षाच नव्हे. माणूस नोकरीतच असतो, निर्वाह भत्ता घेतो, 48 तासांहून जास्त कोठडीत राहिला की मानीव निलंबन (म्हणजे वेगळं ठरवावं न लागता झालंच असं धरलेलं) लागतंच. विलंब, अवलंबून यांतला लंब् धातू तोच, लटकत राहणं. बडतर्फी मात्र सगळ्यात जबर शिक्षा, तिच्याआधी दोषारोपपत्र, विभागीय चौकशी, बाजू मांडायची संधी हे सगळं व्हायलाच हवं, राज्यघटनेचं कलम 311 तेच सांगतं (मोजके अपवाद आहेत, फौजदारी गुन्ह्यात शिक्षा झाली असेल वगैरे). मग छापा पडला त्याच दिवशी बडतर्फ कसा होईल?

पण शब्द काय सुंदर आहे बघा! फारसी 'बर तरफ', म्हणजे एका बाजूला. आपल्या तर्फे, दुतर्फा, एकतर्फी यांतली तर्फ हीच. म्हणजे ज्याला बाजूला करायचं त्याची बाजू आधी ऐकायची, नाहीतर चौकशी एकतर्फी, दोन्हीकडे तोच शब्द!

आता 'बर'चा 'बड' कसा झाला? काही जाणकार म्हणवणारे तो 'बडा'शी जोडतात, ते साफ चूक, अर्थच बसत नाही. माझं मत असं की बरतरफमध्ये दोन र जवळजवळ आले म्हणून जिभेनं एक बदलला, बरहुकूम आणि बरखास्तमध्ये दुसरा र नाही म्हणून तिथे बर शाबूत राहिला. यावर 'बरोबर'चं काय असं मला सुनावलं जातं, पण तिथे बर हाच शब्द दोनदा आलाय, ती जोडी कशाला तुटेल?

आणि बरखास्त म्हणजे मुळात उठलेला, दरबार बरखास्त झाला म्हणजे उठला. हिंदीत नोकर बरखास्त होतो, मराठीत समिती होते, मंडळ होतं, माणूस नाही, तेव्हा 'कर्मचारी बरखास्त' लिहिणं कृपा करून थांबवा. महाराष्ट्र नागरी सेवेच्या 1979 च्या शिस्त व अपील नियमांत बडतर्फीशेजारी 'सेवेतून काढून टाकणे' अशी वेगळी शिक्षा आहे, तिच्यात पुन्हा सरकारी नोकरीचं दार बंद होत नाही, बडतर्फीत सहसा होतं.