बॉल वर जाताना जी मायनस आणि खाली येताना प्लस, असं असतं का?

प्रश्न: मी अकरावी सायन्सला आहे. बॉल वर जाताना जी (म्हणजे ग्रॅव्हिटीमुळे येणारं त्वरण, वेग बदलण्याचा दर) मायनस घ्यायचा आणि पडताना प्लस, असं आम्ही पाठ केलंय. पण 25 मीटर उंच गच्चीवरून बॉल 20 मीटर प्रति सेकंद वेगाने सरळ वर फेकला तर जमिनीवर कधी पडेल, या गणितात तो वरही जातो आणि खालीही येतो, मग काय घ्यायचं?

उत्तर: जे पाठ केलंयस ते आधी विसर, असा नियमच नाहीये. ग्रॅव्हिटी कायम खालीच ओढते, बॉल कुठेही जात असो, अगदी टोकाला पोचून वेग झिरो होतो त्या क्षणीसुद्धा त्वरण खालच्या दिशेनेच असतं आणि तेवढंच, 9.8 मीटर प्रति सेकंद वर्ग. चिन्ह ठरतं ते तू कुठली दिशा प्लस धरलीस त्यावर, आणि एकदा धरली की गणित संपेपर्यंत ती बदलायची नाही.

आता वरची दिशा प्लस धर, गच्ची म्हणजे शून्य, जी सोयीसाठी 10. मग यू (सुरुवातीचा वेग) +20, ए (त्वरण) −10, आणि जमीन गच्चीच्या खाली म्हणून एस (गच्चीपासूनचं विस्थापन) −25. टी म्हणजे वेळ, एस = यू×टी + ½×ए×टी² मध्ये हे टाकलं की समीकरण येतं −25 = 20टी − 5टी², त्यातून टी 5 किंवा −1, पैकी −1 म्हणजे बॉल फेकायच्या आधीची वेळ म्हणून सोडून द्यायची, उत्तर 5 सेकंद. वर जाणं वेगळं, येणं वेगळं असे तुकडे करावेच लागले नाहीत! खालची दिशा प्लस धरलीस तर तिन्ही चिन्हं उलटतात, उत्तर तेच.

खूप जण इथे एस +25 टाकतात आणि वर्गमुळाखाली मायनस आला की घाबरतात. पण गणित बरोबरच सांगतंय, कारण +25 टाकून तू विचारलंस की बॉल गच्चीच्या 25 मीटर वर कधी पोचेल, आणि तो तर 20 मीटरच वर जातो.

अजून एक, मायनस त्वरण म्हणजे स्पीड कमी होणं असं नाही. हाच बॉल जमिनीवर −30 ने आपटतो, वेगही मायनस, त्वरणही मायनस, म्हणून येताना स्पीड वाढत गेला. दोघांची चिन्हं वेगळी असली तरच कमी होतो.

उतारावरच्या ब्लॉकला मात्र आडवा-उभा अक्ष घेऊ नकोस, एक अक्ष उताराच्या बाजूने घे, म्हणजे फक्त वजनाचे दोन भाग करावे लागतात आणि त्वरण थेट जी साइन थीटा (थीटा म्हणजे उताराचा कोन) मिळतं, घर्षण नसेल तर.