भूक, दुष्काळ की उपासमार?

विट्याच्या एका शिक्षिकेनं विचारलंय : शाळेच्या भित्तिपत्रकासाठी मुलं 'वर्ल्ड हंगर'वर लिहितायत. मराठीत 'जागतिक भूक' म्हणायचं, 'दुष्काळ' की 'उपासमार'?

माझं मत 'उपासमार'. 'जागतिक भूक निर्देशांक' वर्तमानपत्रांनी रुळवलाय, तो त्या नावापुरता राहू द्या. पण मराठीत भूक ही मुळात चांगली गोष्ट. संस्कृत 'बुभुक्षा'वरून शब्द आला, म्हणजे खायची इच्छा. पोर जेवेनासं झालं की आई डॉक्टरांना सांगते, "याला भूकच नाही हो." आजारी माणसाला भूक लागली की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. अन्न न मिळणं या शब्दात कुठंच नाही.

'दुष्काळ' म्हणजे वाईट काळ. माण, खटाव, जत, आटपाडीकडं तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पण दोष सगळा काळावर, फार तर पावसावर. त्यापेक्षा जुना 'दुर्भिक्ष' नेमका वाटतो : भिक्षा मिळणं मुश्कील. आभाळाचं काहीही होवो, ताटात काय पडतंय तेवढं तो बघतो. १९४३ च्या बंगालमध्ये वीस लाखांवर माणसं गेली. अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ साली आकडे मांडून दाखवलं की त्या वर्षी तांदूळ १९४१ पेक्षा कमी नव्हता. युद्धामुळं भाव भडकले आणि मजुराच्या मजुरीत भात येईना. आपण 'हातावर पोट' म्हणतो ते हेच. हाताला काम नाही, की शेजारच्या दुकानात पोती असूनही पोट रिकामं.

सरकारी शब्द 'टंचाई'. त्याची तर गंमतच आहे. १९६३ साली महाराष्ट्रानं खास कायदा करून राज्यातल्या कायद्यांमधून 'फॅमिन' हा शब्दच काढून टाकला आणि जागोजागी 'स्कॅर्सिटी' घातला. नऊच वर्षांनी बहात्तरचा दुष्काळ आला. त्यानं काही कायदा वाचला नव्हता. पीक बुडालं, तरी बंगालसारखी माणसं पटापट मेली नाहीत. त्याला कारण शब्दबदल नव्हे, कामं. १९७३ च्या उन्हाळ्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसं खडी फोडत होती, नाला बंडिंग, पाझर तलाव करत होती, आणि मजुरीवर धान्य घेत होती. पुढं रोजगार हमीचा कायदा झाला. म्हणून मुलांनी उपायांच्या रकान्यात नुसतं 'जास्त पिकवा' लिहिलं तर मी अर्धेच गुण देईन.

आता 'उपासमार'. उपास अधिक मार. उपास आपण धरतो आणि आपणच सोडतो. उपासमारीला ते धरणं-सोडणं नाही. आणि व्याकरण बघा. भूक आपोआप लागते, दुष्काळ आपोआप पडतो, पण उपासमार जशी 'होते' तशी 'करता'ही येते. "मालकानं कामगारांची उपासमार केली" हे वाक्य सरळ बसतं. "कामगारांचा दुष्काळ केला" म्हणून बघा! कर्त्याला जागा ठेवणारा हा शब्द आहे आणि आज त्याची गरज आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानं २०२४ मध्ये जगात सुमारे ६७ कोटी लोक अर्धपोटी होते. त्यामागं पाऊस आहे, महागाई आहे, पण जिथं हाल सर्वांत वाईट तिथं बहुतेक वेळा युद्ध आहे, अडवलेले रस्ते आणि अडवलेली धान्याची वाहनं आहेत. नागरिकांची उपासमार हे लढाईचं हत्यार करण्याचा निषेध सुरक्षा परिषदेनं २०१८ साली ठराव करून केला. 'जागतिक भूक' म्हटलं की हे सगळं झाकलं जातं.

'कुपोषण' मात्र वेगळं ठेवा. पोटभर चहा-चपाती खाणारं मूलही कुपोषित असू शकतं.

माझी आजी म्हसवडकडची. एरवी एकादशीला शेंगदाण्याचा दाणाही मोजून खायची. बहात्तरला ती पाझर तलावाच्या कामावर होती, घरात मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरी. त्या वर्षीच्या एकादश्यांचं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "त्या साली कुनी धरली रं एकादस? रोजच निम्मी भाकरी. तेला काय उपास म्हनत्यात व्हय?"